परीक्षा एकट्या मास्तरांचीच का?

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालाने देशभरच्या शिक्षकवर्गात मोठी खळबळ उडवून दिली. पहिली ते आठवीच्या वर्गांना शिकविणाऱ्या शिक्षकाने शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे आता सर्वतोमुखी झालेली 'टीईटी', उत्तीर्ण झालीच पाहिजे. शिक्षणहक्काचा कायदा येण्यापूर्वी जे नोकरीस लागले आणि ज्यांच्या सेवेची पाचांहून अधिक वर्षे शिल्लक आहेत त्यांचीही यातून सुटका नाही. त्यांनी दोन वर्षांत ही परीक्षा पार करावी, अन्यथा सेवेतून निवृत्त व्हावे, असा त्या निकालाचा आशय आहे. ज्यांची सेवा पाच वर्षांच्या आत संपणार आहे त्यांना नोकरी पुरी करता येईल, परंतु परीक्षेवाचून बढती मिळणार नाही. अल्पसंख्याकांच्या संस्थांचा प्रश्न न्यायालयाने मोठ्या पीठाकडे सोपविला. वीस-पंचवीस वर्षे फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला पुन्हा परीक्षेच्या बाकावर बसविणारा हा निकाल कठोर आहे, हे उघड आहे. तो योग्य की अयोग्य, याचा काथ्याकूट पुष्कळ झाला. आम्हांस मात्र या निमित्ताने एक वेगळाच प्रश्न विचारावासा वाटतो. ज्या कायद्याच्या आधारे मास्तरांची परीक्षा घेतली जात आहे, त्याच कायद्याने सरकारवरही काही कर्तव्ये टाकलेली आहेत. त्यांची परीक्षा कोण घेणार? आणि ज्या मास्तराला आपण आज पारखू पाहतो, तो गेल्या साठ वर्षांत किती बदलला व कोणी बदलविला, याचा तरी आपण कधी नीट विचार केला आहे काय?

गोमंतकापुरते बोलायचे तर मास्तर ही व्यक्ती शासनाने निर्माण केली नाही; ती समाजाने पोसली. पोर्तुगीज अमदानीत सरकारी शिक्षण पोर्तुगीज भाषेत चाले आणि ते मूठभरांपर्यंतच पोहोचे. खेड्यापाड्यांतील मुलांना मुळाक्षरे, पाढे आणि मोडी वळण शिकविले ते 'शेणै माम' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावच्या पंतोजीने. कोणाच्या ओसरीवर, कोठे देवळाच्या अग्रशाळेत. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, हिंदूंवरील निर्बंध सैल झाले, आणि त्या सुमारास ठिकठिकाणी मराठी शाळा उभ्या राहू लागल्या. पणजीच्या मुष्टिफंड संस्थेचे नावच त्या काळाची कथा सांगते. घरोघर रोज मूठभर तांदूळ बाजूला काढावा आणि त्यातून शाळा चालावी, अशी ती कल्पना होती. मास्तराला मिळणारा पैसा तुटपुंजा असे. परंतु तो कोणाच्या मुठीतून आला हे मास्तराला ठाऊक असे आणि आपला तांदूळ कोठे गेला हे गावाला ठाऊक असे. हिशेब दोन्ही बाजूंनी उघडा होता.

१९६१ साली गोवा मुक्त झाला, तेव्हा येथील साक्षरांचे प्रमाण जेमतेम एक तृतीयांशाच्या घरात होते. १९६३ साली सत्तेवर आलेल्या दयानंद उर्फ भाऊसाहेब बांदोडकरांनी वाड्यावाड्यांवर प्राथमिक शाळा उघडण्याचा सपाटा लावला. इमारत नव्हती तेथे घराची पडवी घेतली, बाके नव्हती तेथे मुले जमिनीवर बसली; परंतु मास्तर मात्र हवाच होता. एवढे मास्तर गोव्यात होते कोठे? ते आले रत्नागिरीतून, कोल्हापुरातून, सांगलीतून, बेळगावातून. पेडणे, सत्तरी, सांगे, काणकोणसारख्या दूरच्या तालुक्यांत, जेथे पावसाळ्यात रस्ताही बुडे, तेथे हे परगावचे तरुण एखाद्या घरी खोली घेऊन राहिले. त्यांनी मुंडकाराच्या पोराला आणि भाटकाराच्या पोराला एकाच ओळीत बसविले. संध्याकाळी प्रौढांना सही शिकविली, अर्ज लिहून दिले, कुळकायद्याचे कागद वाचून दाखविले, गावच्या नाटकाची तालीम घेतली. त्या पिढीत सगळेच आदर्श होते असा भाबडा दावा आम्ही करणार नाही. छडीवर विसंबणारे होते, वर्षभरात बदली करून घेणारेही होते. परंतु २०११ च्या जनगणनेत गोव्याची साक्षरता ८८.७० टक्क्यांवर पोहोचलेली दिसते, तिच्या पायाचे दगड या माणसांनी वाहिले हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. त्यांची खरी ताकद त्यांच्या पदवीत नव्हती, कारण पुष्कळांपाशी पदवी नव्हतीच. ती ताकद दोन गोष्टींत होती: ते गावात राहत, आणि ते टिकत.

त्यानंतर शिक्षकवर्गाची घडण बदलत गेली. पहिला बदल स्वागतार्ह होता. परगावच्या मास्तरांची जागा हळूहळू येथल्याच शाळांत शिकून तयार झालेल्या मुलामुलींनी घेतली; आणि त्यांत मुली अधिक निघाल्या. आज गोव्यातील प्राथमिक शाळेत शिरले तर 'गुरुजी' क्वचित आढळतात. मुले हाक मारतात ती 'बाई' म्हणून किंवा 'टीचर' म्हणून. ही केवळ गोव्याची कथा नव्हे. केंद्र सरकारच्या शालेय माहितीप्रणालीनुसार २०१४-१५ साली देशातील शिक्षकांत स्त्रियांचे प्रमाण ४६.९ टक्के होते. २०२४-२५ साली ते ५४.२ टक्के झाले आणि त्याच वर्षी देशातील शिक्षकांची एकूण संख्या प्रथमच एक कोटीच्या पुढे गेली. १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात सावित्रीबाई फुले शिकवू लागल्या तेव्हा स्त्रीने शिकविणे हाच अपराध मानला जात होता. त्या देशात आज शिक्षकांचे बहुमत स्त्रियांचे आहे, ही क्रांती लहान नव्हे. ज्या घरांतल्या आजीला अक्षरओळख नव्हती, त्या घरांतली नात आज पगाराच्या नोकरीत शिकविते आहे.

परंतु माणसे बदलली तरी व्यवस्था बदलली नाही. आजही शाळेचा कारभार जुना मास्तर गृहीत धरूनच चालतो: एकटा, गावात खोली घेऊन राहणारा, घरच्या जबाबदारीतून मोकळा. आजच्या बाईंचे घर वीस-पंचवीस किलोमीटरवर असते. त्या पहाटे उठून डबे करून, स्कूटरने वा बसने येतात आणि शाळा सुटल्यावर परततात. बाई गावात राहत नाहीत अशी कुरकुर पुष्कळदा कानांवर येते. त्यांनी राहावे कोठे? शिक्षकांसाठी घरे बांधण्याचा विचार कोणत्या योजनेत झाला? त्याहून गंभीर गोष्ट अशी की, एकशिक्षकी शाळेतील बाई प्रसूतीच्या रजेवर गेल्या, तर बदली शिक्षक वेळेवर न आल्यास ती शाळाच रजेवर जाते. रजा हा त्यांचा कायदेशीर हक्क आहे. तो बजावल्याचा दंड मात्र मुलांना भरावा लागतो आणि बोल बाईंना लागतो. निम्म्याहून अधिक शिक्षक स्त्रिया आहेत हे ज्या खात्याला आकडेवारीत दिसते, त्याला ते रजेचे नियम, बदल्यांची यादी आणि स्वच्छतागृहाचा आराखडा करतानाही दिसावयास हवे.

दुसरा बदल मात्र कोणत्याही अर्थाने स्वागतार्ह म्हणता येणार नाही. तो म्हणजे कायम शिक्षकाच्या जागी आलेला अर्धा शिक्षक. मराठी माणूस जेथे जेथे वस्ती करून आहे, तेथे तेथे या अर्ध्या शिक्षकाला निरनिराळे नाव आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडे त्याला शिक्षाकर्मी म्हणत, आणि वाडीवस्तीवरच्या शिक्षण हमी केंद्रात नेमलेल्याला चक्क 'गुरुजी' हेच पदनाम देऊन नाममात्र मानधनावर राबविले गेले. बडोद्याकडे तो विद्यासहायक झाला, हैदराबादेकडे विद्या-व्हॉलंटियर, बेळगावाकडे अतिथी शिक्षक. महाराष्ट्राने २००० साली शिक्षणसेवक निर्माण केला. आणि आमच्याकडे तो कधी पॅरा-टीचर, कधी तासिकेवर नेमलेला, कधी नुसताच कंत्राटी. नावे पाहावीत: सेवक, सहायक, अतिथी, कर्मी. 'शिक्षक' हा शब्द एकटा उभा राहू नये याची काळजी प्रत्येक नावात घेतलेली आहे!

यामागचे गणित गुप्त नाही. १९९६ पासून लागू झालेल्या पाचव्या वेतन आयोगाने आणि पुढे सहाव्या व सातव्या आयोगाने कायम शिक्षकाचे वेतन माणसाला शोभेल असे केले. ते न्याय्यच होते. परंतु त्याच सुमारास शाळा वाढत होत्या, पटसंख्या वाढत होती आणि राज्यांच्या तिजोऱ्यांवर ताण पडत होता. तेव्हा सरकारांनी सोपी वाट काढली: असलेल्यांचे वेतन वाढवायचे आणि नवे कायम नेमायचेच नाहीत. महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षणसेवकाला २००० साली महिना ३,००० रुपये मानधन ठरले. पुढे ते ६,००० झाले, आणि १६,००० होण्यासाठी २०२३ साल उजाडावे लागले. निदान तेथे तीन वर्षांनी कायम होण्याची वाट तरी आहे. अन्यत्र तीही नाही. एकाच शाळेत, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना, तेच पुस्तक शिकविणाऱ्या दोघांच्या वेतनात कित्येक पटींचा फरक असावा, आणि त्यांपैकी एकाला पुढच्या जूनमध्ये आपण येथे असू की नाही हे ठाऊक नसावे, यातून कोणता अध्यापनधर्म जोपासला जाणार? गोव्यातील पॅरा-टीचरांना नोकरीच्या शाश्वतीसाठी वर्गातून रस्त्यावर यावे लागले, हा इतिहास जुना झालेला नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गुजरातेतील कंत्राटी साहाय्यक प्राध्यापकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे सुनावले की, समारंभांतून गुरुस्तुतीचा श्लोक म्हणत राहणे पुरेसे नाही. शिक्षकाला आपण वागवतो कसे त्यात ती श्रद्धा दिसावी लागते. ते शब्द महाविद्यालयीन शिक्षकांसंबंधी होते; प्राथमिक शाळांना ते अधिकच लागू पडतात.

तिसरा बदल कामाच्या स्वरूपातला आहे. मास्तर शिकवीत असे, हे वाक्य आज पूर्ण सत्य राहिलेले नाही. माध्यान्ह आहाराची नोंद, गणवेशाचा हिशेब, शालेय माहितीप्रणालीचे रकाने, प्रत्येक मुलाच्या 'अपार' क्रमांकाची जुळवाजुळव, निरनिराळ्या ॲपवर चढवायची छायाचित्रे, प्रशिक्षणांच्या हजेऱ्या आणि त्या हजेऱ्यांचे अहवाल, हे सारे त्याच्या माथी आहे. त्यावर निवडणुकीचे काम. २०२५ च्या नोव्हेंबरात गोव्यासह बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत मतदारयाद्यांची विशेष सखोल फेरतपासणी सुरू झाली. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून घरोघर फिरणाऱ्यांत देशभर शिक्षकांचा भरणा मोठा असतो, हे सर्वश्रुत आहे. त्याच्या पाठोपाठ २०२७ ची जनगणना. शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली आहे. परंतु जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांचा अपवाद ठेवला आहे. कायदा करणाऱ्यांच्या मनात तो अपवाद क्वचित उघडायच्या खिडकीसारखा असावा. प्रत्यक्षात त्या खिडकीचा दरवाजा झाला आहे. दहा शिक्षकांच्या शाळेतून एक गेला तर नऊ उरतात. एकशिक्षकी शाळेतून एक गेला तर काय उरते, हे गणित पहिलीच्या मुलालाही सुटेल.

आणि एकशिक्षकी शाळा ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. २०२४-२५ च्या त्याच सरकारी आकडेवारीत देशात अशा शाळा १,०४,१२५ आहेत. गंमत अशी की, त्याच अहवालात शिक्षक-विद्यार्थी प्रमाण अतिशय समाधानकारक दिसते: प्राथमिकच्या आरंभीच्या टप्प्यावर एका शिक्षकामागे दहा मुले, पुढच्या टप्प्यावर तेरा. सरासरी ही अशी फसवी असते. शहरालगतच्या शाळेत शिक्षक अधिक आणि डोंगरापलीकडच्या शाळेत एकटा. बेरीज-भागाकार केला की दोन्हीकडे सुख नांदते! कायद्याच्या परिशिष्टात मात्र सरासरीची भाषा नाही. प्राथमिक शाळेत साठपर्यंत मुले असतील तर शिक्षक दोन हवेत, असे तेथे स्वच्छ लिहिले आहे. चार इयत्ता एकट्याने सांभाळणारा शिक्षक पहिलीला 'अ' गिरवायला बसवतो, तिसरीला बेरजा देतो आणि चौथीकडे वळतो तोवर आहाराची गाडी येते. त्याला टीईटीत शंभरपैकी शंभर गुण मिळाले म्हणून त्याला चार तोंडे फुटणार नाहीत.

या तिन्ही बदलांचा भार ज्या वर्गावर पडतो, तो वर्गही पूर्वीचा राहिलेला नाही. गोव्यातील सरकारी प्राथमिक शाळेत आज बसतात त्यांत कर्नाटकातून, उत्तर प्रदेशातून, बिहारातून, ओडिशातून पोट भरण्यासाठी आलेल्या मजुरांची मुले पुष्कळ असतात. वास्कोसारख्या भागात एका बाकावर तीन घरच्या तीन भाषा बसलेल्या दिसतात. जुन्या मास्तराला मुलाची भाषा ठाऊक होती, घर ठाऊक होते, बाप कोणत्या शेतात राबतो हेही ठाऊक होते. आजच्या शिक्षिकेपुढील मुलाची भाषा तिला येत नाही, आणि बापाचे काम संपले की मूल गावातून नाहीसे होते. हे काम साठ वर्षांपूर्वीच्या कामाहून अवघड आहे. त्यासाठी अधिक कसलेला, अधिक काळ टिकणारा शिक्षक हवा. आपण मात्र अधिक अवघड काम अधिक तात्पुरत्या माणसाच्या हाती सोपवीत चाललो आहोत.

गोव्यात शाळांच्या माध्यमावरून किती रण माजले, हे वाचकांना सांगावयास नको. १९९० साली शिक्षणमंत्री शशिकला काकोडकर यांच्या कारकिर्दीत सरकारी अनुदान मातृभाषांतील प्राथमिक शाळांपुरते करण्यात आले; २०११ साली इंग्रजी शाळांना अनुदानाचे दार उघडले गेले आणि २०१२ नंतरही अल्पसंख्याक संस्थांच्या इंग्रजी शाळांसाठी ते उघडे राहिले. या वादात कोणाची बाजू बरोबर, हा आजचा विषय नाही. आमचे म्हणणे एवढेच की, तीन दशके चाललेल्या या वादात माध्यम होते, अनुदान होते, अस्मिता होती, मते होती. मास्तर मात्र कोठेच नव्हता. पालक इंग्रजी शाळेकडे वळले ते केवळ इंग्रजीच्या मोहाने, असे म्हणून मराठी-कोंकणीचे अभिमानी मोकळे होतात. मोह आहेच. परंतु एका शाळेत प्रत्येक वर्गाला शिक्षक आहे आणि दुसऱ्या शाळेत चार वर्गांना मिळून एक आहे, हे पालकाच्या डोळ्यांना दिसत नाही काय? भाषा शाळेत टिकते ती ठरावाने नव्हे. वर्गात उभे राहून ती प्रेमाने शिकविणाऱ्या माणसाने टिकते.

सीमाभागातील आणि इतर प्रांतांतील मराठी बांधवांना हे अधिक सांगण्याची गरज नाही. मराठी शाळा बंद करण्यासाठी आदेश काढावाच लागतो असे नाही. मराठी शिक्षक निवृत्त झाला की जागा रिकामी ठेवायची. एखादा अतिथी शिक्षक वर्षातून काही महिने पाठवायचा. मग पालक मुले काढून घेतात. मग पट नाही म्हणून शाळा नको, असा निष्कर्ष आपोआप निघतो. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि तो अनुभव पदरी घेऊन १९०६ साली संपूर्ण संस्थानात ते लागू केले. तेरा वर्षे त्यांनी थांबून तयारी केली. सक्ती मुलावर करायची तर शाळा आणि शिक्षक आधी राजाने पुरवावे लागतात, हे एका संस्थानिकाला शंभर वर्षांमागे उमगले होते.

आता दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे. सहा-सात मुलांच्या शाळेत दोन कायम शिक्षक नेमणे सरकारला परवडेल काय, असे विचारले जाते, आणि तो प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. गोव्यात जन्मदर घटला आहे, वाड्यावाड्यांवरच्या शाळांत मुले कमी झाली आहेत. तीन मुलांची शाळा ही त्या तीन मुलांच्याही हिताची नव्हे. खेळायला गडी नाही, वादाला जोडीदार नाही, असे बालपण शिक्षणाला पोषक नसते. तेव्हा प्रत्येक शाळा आहे तशीच राहिली पाहिजे, असा हट्ट आम्ही धरणार नाही. जवळच्या शाळा एकत्र कराव्या लागल्या तर कराव्यात. परंतु त्याचा क्रम सुलटा असावा. आधी एकत्र शाळेत प्रत्येक वर्गाला शिक्षक द्यावा, मुलांच्या ने-आणीची खात्रीची बस द्यावी, आणि मग जुन्या शाळेला कुलूप लावावे. आज होते ते उलट: आधी शिक्षक काढायचा, मग मुले जाण्याची वाट पाहायची, आणि शेवटी गावालाच दोष देऊन कुलूप लावायचे. याला काटकसर म्हणत नाहीत. जबाबदारी झटकणे म्हणतात.

टीईटीबद्दलही आमचे मत स्पष्ट आहे. नव्याने नेमणूक घेणाऱ्याची कसोटी लागली पाहिजे, याविषयी दुमत नसावे. मंत्र्याच्या चिठ्ठीवर मास्तर होण्याचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना परीक्षेचे मोल पटेल. परंतु वीस वर्षे सेवा केलेल्या शिक्षकाला परीक्षेला बसवायचे, तर त्याला त्यासाठी रजा, प्रशिक्षण आणि एकाहून अधिक संधी देणे हे नेमणाऱ्याचे कर्तव्य आहे. अहवाल भरता भरता, याद्या तपासता तपासता, चार वर्ग सांभाळून रात्री अभ्यास कर आणि नापास झालास तर घरी जा, असे सांगणे हा न्याय नव्हे.

आणि येथे आम्ही मूळ प्रश्नाकडे येतो. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचे २३ वे कलम शिक्षकाच्या पात्रतेविषयी आहे. त्यासाठी शिक्षकाच्या डोक्यावर मुदतीची तलवार आहे. २५ वे कलम प्रत्येक शाळेत ठरलेल्या प्रमाणात शिक्षक नेमण्याविषयी आहे. २६ वे कलम सांगते की, मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून अधिक पदे रिकामी असता कामा नयेत. २७ वे कलम अशैक्षणिक कामांविषयी आहे. ही तिन्ही कलमे सरकारने पाळावयाची आहेत. ती मोडली म्हणून कोणता सचिव सक्तीने निवृत्त झाला? कोणत्या मंत्र्याची बढती अडली? एकाच कायद्यातील एक कलम शिक्षकापुरते पोलादाचे आणि शेजारची तीन कलमे सरकारपुरती मेणाची, हा भेद कोणत्याही न्यायबुद्धीच्या माणसाला सलल्यावाचून राहणार नाही.

शिक्षक संघटनांनाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. शहराजवळच्या शाळेत बदली मिळावी म्हणून पुढाऱ्यांचे उंबरठे झिजविणारे शिक्षक आहेत. त्यांच्यामुळेच दूरच्या शाळा ओस पडतात. कायद्याच्या २८ व्या कलमाने खाजगी शिकवण्यांना मनाई केली असताना त्या करणारेही आहेत. कायम शिक्षकांच्या संघटना महागाईभत्त्यासाठी जेवढ्या त्वेषाने उठतात, तेवढ्या त्वेषाने भिंतीपलीकडच्या कंत्राटी सहकाऱ्यासाठी क्वचितच उठल्या. आपल्या ज्ञातीतील दुबळ्याला वाऱ्यावर सोडणाऱ्यांना समाजाची सहानुभूती फार काळ लाभत नाही, हे त्यांनी ध्यानी घ्यावे.

शासनाकडे आमचे मागणे थोडके आहे. जेथे शाळा चालू ठेवायची तेथे निदान दोन कायम शिक्षक द्या. निवृत्तीची तारीख नेमणुकीच्या दिवशीच ठाऊक असते. तेव्हा जागा रिकामी होण्यापूर्वी भरतीची जाहिरात निघावी. रजेवर गेलेल्या शिक्षिकेच्या जागी दुसऱ्याच दिवशी माणूस उभा राहील, अशी तालुकावार राखीव फळी तयार ठेवा. लेखनिकाचे काम लेखनिकाला द्या. पाच-सहा शाळांमागे एक नेमला तरी कित्येक शिक्षकांचे तास मोकळे होतील. वर्षानुवर्षे शिकवीत आलेल्या पात्र कंत्राटी शिक्षकांना कायम करण्याचा दिवस ठरवा आणि तो पाळा. आणि प्रत्येक शाळेतील मंजूर पदे, भरलेली पदे व रिकामी पदे यांची यादी दरवर्षी शाळेच्या दारावर लावा. मूठभर तांदूळ देणाऱ्या गावाला जो हिशेब मिळत होता, तो कर भरणाऱ्या गावाला का मिळू नये?

शिक्षकाने दोन वर्षांत परीक्षा उत्तीर्ण व्हावी, असे न्यायालयाने सांगितले. ठीक आहे. त्याच दोन वर्षांत सरकारनेही २५, २६ आणि २७ या तीन कलमांचा पेपर सोडवावा. शिक्षकाची गुणपत्रिका लागेल त्या दिवशी तिच्या शेजारी शिक्षण खात्याचीही लागू द्या. मग कोण उत्तीर्ण आणि कोण अनुत्तीर्ण, हे पालकच ठरवितील. आणि आमचा अंदाज असा आहे की, नापासांच्या यादीत पहिले नाव मास्तरांचे नसेल.